मोटार-क्रीडेतील रोजगार : तयारी हाताची, वहीची आणि मनाची

(धाराशिव येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती हा विषय धाराशिवच्या सभागृहात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. २०१८ साली केंद्र शासनाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली यांच्यासह आपलाही समावेश झाला. पाण्याची चिंता वाहणाऱ्या घराला शर्यतीची मोटार ही धनिकांची हौस वाटली, तर त्यात वावगे काही नाही.

परंतु आपण आपल्याच गावातील एका मुलाचा विचार करू. असा मुलगा परंड्यात आहे, उमरग्यात आहे, कळंबमध्येही आहे. अभ्यासात तो मध्यम असतो. मात्र शाळा सुटली की गॅरेजपाशी रेंगाळतो. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिघाड कोठे आहे ते सांगतो. मोबाईलवर शर्यती पाहतो. या मुलाच्या मनातील वेगाची ओढ आपण उपदेशाने घालवू शकत नाही. त्या ओढीला दिशा दिली नाही, तर उद्या हप्त्याने घेतलेल्या दुचाकीवर तो सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आपला वेग आजमावून पाहील, आणि त्याचा शेवट कसा होतो हे नळदुर्ग-उमरगा पट्ट्यातील घरांना सांगावे लागत नाही. त्याच ओढीला शिस्त आणि कौशल्य लाभले, तर तो मुलगा सन्मानाने पोट भरू शकेल. त्याला कोणती वाट दाखवायची, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

चालक एक, हात अनेक

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शिरस्त्राण घातलेला चालक येतो. तो आसनावर एकटा असतो, पण त्याच्यामागे माणसांची केवढी रांग उभी असते ते पाहा. फॉर्म्युला वन शर्यतीत गाडी चाके बदलण्यासाठी थांबते. प्रत्येक चाकापाशी तिघे असतात : एक नट सैल करून पुन्हा आवळणारा, एक जुने चाक काढणारा, एक नवे बसवणारा. पुढे आणि मागे जॅक लावणारे वेगळे, गाडी स्थिर धरणारे वेगळे. अशी सुमारे वीस माणसे एका थांब्यावर काम करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार येथील शर्यतीत मॅकलारेन संघाने हे सारे काम १.८० सेकंदांत उरकले. या वीसजणांपैकी एकाचाही हात चुकला, तर चालकाचे सारे कौशल्य वाया जाते.

रॅली हा प्रकार आणखी वेगळा. तेथे गाडी मातीच्या, डोंगराच्या रस्त्यांवर धावते आणि ठराविक टप्प्यानंतर दुरुस्तीच्या तळावर येते. तेथे मिळणारी मिनिटे मोजून दिलेली असतात. त्या मिनिटांत शॉकअॅब्सॉर्बर बदलायचा, वाकलेली पट्टी सरळ करायची, ब्रेक तपासायचे आणि गाडी वेळेवर नाक्यावर पोचवायची. उशीर झाला तर दंडाची भर संघाच्या वेळेत पडते. सौदी अरेबियात होणाऱ्या डकार रॅलीत तर काही टप्पे असे असतात, की तेथे मेकॅनिकला गाडीजवळ येण्यासही मनाई असते. आदल्या रात्री त्याने केलेले काम किती चोख होते, ते दुसऱ्या दिवशी वाळवंटात ठरते.

मेकॅनिकखेरीज आणखी किती कामे असतात? टायरचा दाब आणि तापमान नोंदवणारा तंत्रज्ञ, गाडीतील संवेदकांनी पाठवलेली आकडेवारी वाचणारा अभियंता, वेल्डर, रंगारी, सुटे भाग वेळेवर पोचवणारा भांडारपाल, ट्रकचालक, स्वयंपाकी. स्पर्धा भरवणाऱ्यांच्या बाजूला वाहन-तपासनीस, वेळनोंदणी करणारे, झेंडे दाखवणारे मार्शल, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि अग्निशमन पथक. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे शर्यत थांबवा, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. तो झेंडा ज्याच्या हाती असतो, त्याच्या एका क्षणाच्या जागरूकतेवर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. म्हणून 'मला मोटार-क्रीडेत काम करायचे आहे' असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला पहिला प्रश्न विचारावा : यांपैकी कोणते काम?

नाव भारताचे, हात कोणाचे?

मित्रहो, या विषयाला राष्ट्रीय स्वाभिमानाचाही एक पैलू आहे. २००८ साली फॉर्म्युला वनमध्ये 'फोर्स इंडिया' नावाचा संघ उतरला. दहा वर्षांहून अधिक काळ तो धावला आणि २०१८ साली आर्थिक अडचणीत सापडून दुसऱ्या हाती गेला. त्याच्या नावात भारत होता, पण त्याची कार्यशाळा इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे होती. एकाही मुख्य शर्यतीत त्या संघाकडून भारतीय चालक उतरला नाही. २००५ साली जॉर्डन संघाकडून नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली हिस्पानिया संघाकडून करुण चंडोक फॉर्म्युला वनमध्ये धावले, ते परक्या संघांकडून. ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे इंडियन ग्रां प्री झाली आणि पुढे ती बंद पडली. पैशाने संघाचे नाव विकत घेता येते. कारागिरांची पिढी मात्र घडवावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

ती कशी घडते, याचे उदाहरण कोईम्बतूरने घालून दिले आहे. तेथील गिरणीमालकांच्या घराण्यातील एस. करिवर्धन यांना परदेशी गाडी आणून मिरवणे सहज परवडले असते. त्यांनी आपल्या कार्यशाळेत मारुतीचे साधे इंजिन बसवून एकआसनी शर्यतीच्या गाड्या तयार केल्या आणि होतकरू तरुणांना त्या चालवायला मिळतील अशी व्यवस्था उभी केली. नारायण कार्तिकेयन यांच्या कारकिर्दीचा आरंभ अशाच गाड्यांच्या शर्यतींतून झाला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. आज कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांचे नाव सांगतो. चेन्नईतही तसेच घडले. तेथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवत भरवत त्या मंडळींनी १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा ट्रॅक उभारला. हौशी स्वयंसेवकांनी चार दशके चिकाटीने काम केले, म्हणून आज या क्रीडेचा मोठा भाग दक्षिणेत आहे. कार्यकर्त्याला या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अलीकडे चित्र पालटू लागले आहे. होसूरच्या टीव्हीएस कंपनीचा शर्यत विभाग १९८२ पासून काम करतो आहे. हिरो मोटोकॉर्पने २०१६ साली डकारसाठी संघ उभारला. आरंभी जर्मन तंत्रज्ञांचे साहाय्य घेतले आणि २०२४ च्या डकारमध्ये बोट्स्वानाचा स्वार रॉस ब्रांच हिरोच्या मोटारसायकलवर एकूण क्रमवारीत दुसरा आला. त्याच वर्षी केरळचा हरित नोआ याने आपल्या वर्गात विजय मिळवला. आपल्या महाराष्ट्रातील महिंद्र कंपनीचा संघ विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई मालिकेत २०१४ मधील पहिल्या हंगामापासून आहे आणि २०१७ साली बर्लिनमध्ये त्याने पहिली शर्यत जिंकली. एमआरएफ टायर्सच्या संघाचा चालक २०२२ साली युरोपीय रॅली अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. यांतील बरेच चालक आणि अभियंते परदेशी आहेत, हे मोकळेपणाने मान्य करू. पण यंत्र, टायर आणि गुंतवणूक आता भारतीय कंपन्यांची आहे. त्यांना भारतीय हात लागणार आहेत. त्या हातांत मराठवाड्याचे हात असतील का, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राची पाटी कोरी नाही. पुण्याचे संजय टकले यांनी आशिया-पॅसिफिक रॅली मालिकेत भाग घेतला आणि २०२५ साली डकार क्लासिकमध्येही ते उतरले. पुण्याच्याच डायना पुंडोळे यांनी २०२४ साली सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. असे अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० साली फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकला. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री मालिकेत धावला. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. गोव्याच्या चिखलात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज या खडतर वाहनस्पर्धेची भारतीय फेरी होऊ लागली. रॅलीपटू गौरव गिल यांना २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. या क्रीडेला मिळालेला तो पहिलाच अर्जुन पुरस्कार. क्षेत्र लहान आहे, पण ते आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

तयारी येथूनच सुरू होते

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. दहावीनंतर ज्याला लवकर कामाला लागायचे आहे, त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक, फिटर, मशिनिस्ट किंवा वेल्डर यांपैकी एक व्यवसाय निवडावा. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, वेल्डरचा एक वर्षाचा. शर्यतीच्या संघात उत्तम वेल्डरला मोठा मान असतो, कारण चालकाचा जीव नळ्यांच्या पिंजऱ्यात सुरक्षित राहतो आणि तो पिंजरा वेल्डरने जोडलेला असतो. ज्याला पुढे शिकायचे आहे, त्याने तंत्रनिकेतनातून यंत्र किंवा वाहन अभियांत्रिकीची पदविका घ्यावी. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. साच्यांच्या आणि सूक्ष्म यंत्रकामाच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र शासनाची संस्था आपल्या विभागातच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकण्याची सोय आहे. ब्रेक आणि सस्पेन्शन बनवणारे कारखाने वाळूजला आहेत, मोटारसायकलींचे चाकणला. ज्याने एक वर्ष ब्रेकच्या जोडणीवर मन लावून काम केले, त्याने शर्यतीच्या संघाला उपयोगी पडणारी एक विद्या हस्तगत केली असे समजावे.

पण प्रमाणपत्राच्या आधीही काही करता येते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. एक शंभर पानी वही घ्या. गावातील चांगल्या मेस्त्रीच्या हाताखाली सुट्टीत काम करा आणि रोज रात्री लिहा : आज कोणते वाहन आले, तक्रार काय होती, प्रथम काय वाटले, खरे कारण काय निघाले, कोणता भाग बदलला, किती वेळ लागला. आपले मेस्त्री अतिशय हुशार असतात. त्यांचे ज्ञान कानात आणि बोटांत असते. पण ते लिहिलेले नसते, त्यामुळे त्यांच्याबरोबरच संपते. शर्यतीच्या संघात मात्र प्रत्येक नट किती बळाने आवळला आणि प्रत्येक भाग किती किलोमीटर धावला, याची नोंद असते. ज्याला नोंद ठेवण्याची सवय आहे, त्याला त्या जगाची अर्धी भाषा येते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, फिलर गेज, टॉर्क रेंच आणि मल्टिमीटर ही पाच साधने अचूक वापरायला शिका. वायरिंगचा नकाशा वाचायला शिका. आकडे संगणकावर तक्त्यात भरून त्यांचा आलेख काढायला शिका. गाडी हल्ली संगणकाशी बोलते. तिचे बोलणे ज्याला कळेल, तोच उद्याचा मेस्त्री.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. तुळजापूरच्या नवरात्राच्या या जिल्ह्यात ती कोणी चुकवत नाही. पान्यांना हळदकुंकू लावतो, फुले वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच पाना तेलात-मातीत पडलेला असतो. चांगल्या शर्यत-संघाच्या कार्यशाळेत फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती आखलेली असते. काम संपताच हत्यार पुसून त्याच आकृतीवर जाते आणि एकही जागा रिकामी राहिली, तर ते सापडेपर्यंत गाडी बाहेर पडत नाही, कारण विसरलेला पाना इंजिनापाशी राहिला तर अनर्थ होतो. हीच रोजची खंडेनवमी. ती आपल्या गॅरेजमध्ये आणि आपल्या आयटीआयच्या कार्यशाळेत उद्यापासून सुरू करता येईल.

भाषेविषयी एक सूचना. विचार मराठीत करा, कारण समज मातृभाषेत पक्की होते. मात्र यंत्राची माहितीपुस्तिका, सुरक्षेचे नियम आणि संघातील संभाषण बहुधा इंग्रजीत असते. त्यासाठी अलंकारिक इंग्रजीची आवश्यकता नाही. कोणत्याही वाहनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचे रोज एक पान वाचून त्याचा अर्थ मराठीत लिहिला, तर वर्षभरात कामापुरते इंग्रजी येते. न्यूनगंडाचे कारण नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तर उत्तम शाळा उपलब्ध आहे. एसएई इंडिया या संस्थेची 'बाहा' स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झाली. विद्यार्थी आपल्या हातांनी खडबडीत रस्त्यावर धावणारे वाहन बनवतात. रचनेचे सादरीकरण होते, खर्चाचा हिशेब तपासला जातो, ब्रेकची परीक्षा होते आणि शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते. कोईम्बतूरची 'फॉर्म्युला भारत' स्पर्धा लहान एकआसनी गाडीची. तेथे गाडी साठ अंशांत कलती करतात आणि तेलाचा एक थेंबही गळू देत नाहीत. ब्रेक दाबताच चारही चाके एकदम अडावी लागतात. चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर यावे लागते. या कसोट्या पार करता करता मुलगा किंवा मुलगी जे शिकते, ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शिकता येत नाही. मुली म्हटले ते हेतुपुरस्सर. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ साली बाहा प्रकारच्या रॅलींचा महिलांचा विश्वचषक मिळवला. आकडेवारीचे विश्लेषण, वेळनोंदणी, रचना या कामांत मुलींना अडवणारे काहीही नाही. अडसर आहे तो आपल्या मनात.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयाकडे पुण्याच्या महाविद्यालयांएवढा निधी नसेल. तरीही संघ उभा करावा. पहिल्या वर्षी गाडी तपासणीत नापास झाली तरी चालेल. नापास का झाली, याचा लेखी अहवाल पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावा. तीन वर्षांनी त्या महाविद्यालयात परंपरा तयार झालेली दिसेल.

नोकरीचा शोध कसा घ्यावा

या क्षेत्रातील नोकऱ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात फारशा येत नाहीत. संघ लहान असतात. ज्याला काम करताना पाहिले आहे, अशा माणसालाच ते बोलावतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे त्यांच्या दृष्टीस पडणे, आणि त्यासाठी सर्वांत सरळ मार्ग स्वयंसेवेचा. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही देशातील या क्रीडेची शिखर संस्था. तिच्याशी संलग्न क्लब स्पर्धा भरवतात आणि त्यांना मार्शल लागतात. प्रशिक्षण घेऊन दोन-तीन स्पर्धांत मार्शल म्हणून उभे राहा. मानधन नाममात्र असेल, कदाचित नसेलही. पण उन्हात आठ तास आपली जागा न सोडणारा मुलगा आयोजकांच्या आणि संघांच्या लक्षात राहतो. शाखेत किंवा शिबिरात वेळेवर येण्याची आणि नेमून दिलेले काम पूर्ण करण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांना येथे मूळचीच आघाडी आहे.

बायोडेटा एका पानाचा असावा. 'कष्टाळू, प्रामाणिक, शिकण्याची इच्छा' असे सारेच लिहितात. त्यापेक्षा आपण काय केले ते लिहा. 'महाविद्यालयाच्या वाहनाच्या पुढच्या सस्पेन्शनचे हात मी जोडले, पहिला जोड तुटला, कारण अमुक होते, दुसरा चार तास टिकला' असे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा भारी पडते. 'आम्ही केले' आणि 'मी केले' यांत गल्लत करू नका. जाणकार माणूस दुसऱ्याच प्रश्नाला खरे-खोटे ओळखतो. एकच पत्र पन्नास ठिकाणी धाडू नका. संघ कोणत्या वर्गात धावतो, कोणते वाहन वापरतो याचा अभ्यास करून पाच ठिकाणी पाच वेगळी पत्रे पाठवा आणि आपल्याला नेमके कोणते काम येते ते स्पष्ट लिहा. हंगामाच्या धामधुमीत कोणाला पत्र वाचायला उसंत नसते. गाड्या खोलून पुन्हा बांधण्याच्या विसाव्याच्या महिन्यांत संपर्क करा. मुलाखतीत 'तुमच्या हातून काय बिघडले आणि मग काय केलेत' असे विचारतील. त्याचे खरे उत्तर आपल्या वहीत असेल.

पहिले काम गाडी धुण्याचे किंवा टायर वाहण्याचे मिळाले, तर कमीपणा मानू नये. टायर वाहणाराच टायरची झीज रोज पाहतो. पाहता पाहता त्याला कळू लागते, की डाव्या बाजूची झीज अधिक का आहे.

पालकांशी दोन शब्द

आता पालकांना काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. या क्षेत्रात जागा थोड्या आहेत. काम हंगामी असते, प्रवास फार, आरंभीचे उत्पन्न बेताचे. 'इतके लाख भरा, शर्यतीच्या संघात हमखास नोकरी' असे कोणी सांगत असेल, तर तेथून परत फिरावे. जमीन गहाण टाकून किंवा सोसायटीचे कर्ज काढून अशा हमीच्या मागे जाऊ नये. कोणत्याही अभ्यासक्रमाचे पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचे मागच्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे त्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. चालक होण्याचा मार्ग तर फारच खर्चाचा आहे. गाडी, टायर, प्रवास यांचा भार सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही. मुलाला ते प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे.

धोक्याविषयीही लपवाछपवी नको. २०२३ साली चेन्नईच्या ट्रॅकवर जानेवारीत एक अनुभवी चालक आणि ऑगस्टमध्ये अवघ्या तेरा वर्षांचा एक मुलगा शर्यतीत मृत्युमुखी पडले. डॉक्टर, रुग्णवाहिका, शिरस्त्राण, नियम हे सारे असताना हे घडते. मग महामार्गावर, अंधारात, ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या मागून वेग आजमावणाऱ्याचे काय होईल? सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. कायदा आपल्या जागी आहे. पण दाराशी उभी असलेली दुचाकी आणि तिची किल्ली आपल्या हाती असते, आणि त्याआधीचे संस्कारही आपल्याच हाती असतात. ज्याला खरोखर या क्रीडेत काम करायचे आहे, त्याने सर्वांत आधी रस्त्यावर संयमी व्हावे. मार्शल म्हणून ज्याने एकदा अपघात जवळून पाहिला, तो पुन्हा रस्त्यावर बेफाम होत नाही.

इतके सारे सांगूनही मी हा मार्ग सुचवतो, याचे कारण एकच. ही तयारी वाया जात नाही. ज्याचे माप अचूक, नोंद चोख, हत्यार जागेवर आणि वेळ पक्की, त्याला शर्यतीच्या संघाने घेतले नाही तरी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या चाचणी-संस्था आहेत, वाहन उद्योग आहे, विजेवरील वाहनांची दुरुस्ती आहे. आपल्याच जिल्ह्यात ऊसतोडणी यंत्रे, ट्रॅक्टर आणि पंप आहेत. हंगामात बंद पडलेले तोडणी यंत्र दोन दिवसांऐवजी दोन तासांत चालू करून देणारा तरुण कोणत्याही शर्यतीच्या मेकॅनिकपेक्षा कमी नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर तो अधिकच मोलाचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तेथून कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे ते वळले. १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी उभारली. त्या माळावर पाणी नव्हते, रस्ता नव्हता, कारागीरही नव्हते. कारागीर त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांतून घडवले. माळरानाचे आणि निर्धाराचे नाते आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांनी आपली घरे पुन्हा उभी केली आहेत.

म्हणून येथील कार्यकर्त्यांकडे माझी तीन कामांची मागणी आहे. प्रत्येक तालुक्यात एक चांगला मेस्त्री शोधा आणि सुट्टीत त्याच्याकडे दोन विद्यार्थी पाठवा, पण सोबत वही द्या. मोजमापाच्या साधनांची एक पेटी लोकवर्गणीतून घ्या, आणि ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तशी ती मुलांना वापरायला द्या. जिल्ह्यातील अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांचा एक संघ उभा करा. त्याला पहिल्या वर्षी यशाची अट घालू नका, अहवालाची अट घाला.

विद्यार्थी मित्रहो, डकारच्या वाळवंटात किंवा कोईम्बतूरच्या ट्रॅकवर एखादी गाडी शर्यत पूर्ण करील, तेव्हा टाळ्या चालकाला मिळतील. त्या गाडीचा एखादा जोड भूमच्या किंवा वाशीच्या मुलाने जोडलेला असेल आणि तो टिकलेला असेल, तर त्याचे समाधान त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना पुरेसे आहे. आई तुळजाभवानी आपल्या हातांना ते बळ देवो.

भारत माता की जय.